विश्लेषण : नैराश्य म्हणजे श्रद्धा कमी पडली असे समजायचे का? कर्जत-खालापूरच्या ख्रिस्ती घरांपुढचा प्रश्न

झोप उडालेली, जेवणावर वासना नाही, कामात मन नाही आणि वर सल्ला मिळतो, 'प्रार्थना कर, सगळे ठीक होईल.' ख्रिस्ती कुटुंबात नैराश्याने गाठलेल्या माणसाला बहुधा हाच सल्ला सर्वांत आधी मिळतो. तो प्रेमापोटी दिलेला असतो. पण प्रार्थना करूनही बरे वाटले नाही, तर पुढची शंका माणूस स्वतःवरच घेतो : माझाच विश्वास कमी पडला का?

नेरळ, कर्जत, खोपोली, खालापूर या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. मानसोपचारासाठी बहुतेकांना पनवेल, कल्याण किंवा ठाण्याकडेच पाहावे लागते. अशा ठिकाणी मनातले पहिल्यांदा सांगितले जाते ते डॉक्टरला नव्हे, तर फादरना, पाळकांना किंवा प्रार्थना मंडळातल्या एखाद्या मावशींना. त्या पहिल्या संभाषणात काय बोलले जाते, यावर पुढचे महिने, कधी कधी जीवही, अवलंबून असतो.

दुःख आणि नैराश्य यांत फरक काय?

खालापूरकरांना हा फरक समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. अशा प्रसंगानंतर माणूस रडतो, जागतो, जेवत नाही. हा आजार नव्हे, ते दुःख आहे. दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. मधूनच एखादी आठवण हसवते, शेजारी येऊन बसला की बरे वाटते.

नैराश्यात हे ओसरणे थांबते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे ही मुख्य खूण. सोबत झोप आणि भूक बिघडणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे. यांतली बरीच लक्षणे एकत्र आली आणि घरकाम, नोकरी, अभ्यास अडू लागला, तर तो आजार समजून तपासायला हवा. कधी थायरॉइड किंवा रक्तक्षय अशी शारीरिक कारणेही निघतात, म्हणून रक्ततपासणी आधी होते. पुरुषांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड आणि दारू जास्त दिसते. त्यामुळे घरच्यांना तो आजार वाटत नाही, स्वभाव बिघडला असे वाटते.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्यात नव्हता) साधारण २० पैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले आढळले. त्यांतल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

ख्रिस्ती माणसाचे नैराश्य वेगळे असते का?

आजार तोच असतो, पण तो बोलतो त्या माणसाच्या भाषेत. नैराश्यात अपराधीपणाची भावना विनाकारण फुगते. वारकरी घरातला माणूस तिला पूर्वजन्मीचे पाप म्हणेल. ख्रिस्ती माणूस म्हणतो, माझे पाप क्षमा झालेले नाही, प्रभूने माझ्याकडे पाठ फिरवली. अनेकदा तो त्याच एका पापाची कबुली पुन्हा पुन्हा देतो आणि तरीही त्याला मोकळे वाटत नाही. कशातच गोडी न वाटणे हे लक्षण मिस्सेला आणि भजनालाही लागू होते. क्रिकेट बघवत नाही तशी प्रार्थनाही करवत नाही. बायबल उघडले की एकाच ओळीवर नजर अडकते, कारण एकाग्रता गेलेली असते.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाटते, 'हा चर्चला येईनासा झाला, म्हणून याला हे झाले.' क्रम उलटा असतो. आजार आधी आला, चर्च नंतर सुटले. ही एक गोष्ट मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना कळली, तरी निम्मी टोचणी थांबेल.

पवित्र शास्त्रात खचलेली माणसे आहेत का?

भरपूर आहेत, आणि शास्त्र त्यांची लाज बाळगत नाही. ईयोब आपल्या जन्मदिवसालाच दोष देतो. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे म्हणजे सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. बहुतेकांचा शेवट आशेकडे वळतो, पण ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते धर्मग्रंथात राहिले. गेथशेमाने बागेत अटकेच्या आदल्या प्रहरी खुद्द येशूचा जीव दुःखाने कासावीस झाला होता आणि त्याने मित्रांना आपल्यासोबत जागे राहायला सांगितले होते. मित्र झोपले, हा भाग वेगळा.

सर्वांत बोलकी गोष्ट एलीया संदेष्ट्याची. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवल्यावर काही दिवसांतच राणी ईजबेलच्या धमकीने तो पळतो. चाकराला मागे ठेवून एकटाच रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि आता मला मरण दे अशी विनवणी करतो. मग झोपी जातो. देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी पुढे करतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो, कारण पुढचा प्रवास लांबचा आहे. विश्वास कुठे गेला तुझा, असे त्याला कोणी विचारत नाही. देव त्याच्याशी बोलतो ते बऱ्याच नंतर, तो होरेब डोंगरावर पोहोचल्यावर, आणि तेव्हाही त्याला नवे काम आणि अलीशा नावाचा सोबती देतो. अन्न, झोप, पुन्हा अन्न, मग सोबत आणि जमेल तेवढे काम : आजचा समुपदेशकही सुरुवात साधारण अशीच करतो.

औषधाविषयी बोलायचे तर नव्या करारात पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता आणि तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायचा सल्ला खुद्द पौलाने दिला आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घ्यावी असे सांगितले आहे. वैद्याला बोलावू नये, असे त्यात कुठेही नाही.

प्रार्थनेने सावरलेला माणूस मनोरुग्णालय का काढतो?

ई. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ मध्ये भारतात आले. पुढे ते गांधीजींचे स्नेही झाले. पण त्याआधी लखनौ आणि आसपासच्या कामाच्या ताणाने ते आतून पार मोडले. विश्रांतीसाठी मायदेशी गेले, परत आले, पुन्हा कोसळले. डोंगरावर हवापालट झाला, उपयोग झाला नाही. अखेर लखनौच्या चर्चमध्ये एका रात्री प्रार्थना करताना आपले ओझे उतरले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. त्यानंतर ते जवळजवळ अर्धशतक काम करत राहिले.

हा अनुभव घेतलेल्या माणसाने 'गोळ्या फेका, फक्त प्रार्थना करा' असा प्रचार केला असता तर नवल नव्हते. जोन्स यांनी उलट केले. १९५० मध्ये त्यांनी लखनौत 'नूर मंजिल' हे मानसोपचार केंद्र सुरू केले, जिथे मानसोपचारतज्ज्ञ, औषधे आणि आध्यात्मिक आधार एकाच छताखाली असतील. आपल्याला जे एका रात्री लाभले ते प्रत्येकाला तसेच लाभेल, असे त्यांनी गृहीत धरले नाही. साक्ष देणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये बागायम येथे मानसिक आरोग्य केंद्र उघडले आणि रुग्णासोबत नातेवाइकांनी राहण्याची पद्धत तिथे रुजवली. रुग्णाला कोंडून ठेवण्याच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती. म्हणजे ख्रिस्ती संस्थांनीच भारतात मानसोपचाराला हात दिला आहे. मनाच्या आजाराला गोळी घेणे हे परक्या, धर्मबाह्य जगातून आलेले खूळ आहे, हा समज त्यापुढे टिकत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याचे दाखले आहेत का?

आहेत, पण जपून वाचायला हवेत, कारण गेलेल्या माणसांचे निदान करता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या ताटातुटीच्या वर्षांत लक्ष्मीबाईंवर काय गुजरले, ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये काहीही न लपवता सांगितले आहे. त्यांच्यावरचा आघातच मुळी ख्रिस्ती धर्मामुळे आला होता. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांना सावरणाऱ्या गोष्टींत नुसती श्रद्धा नव्हती. पोटचा मुलगा होता, कविता होती, सभोवतालची माणसे होती आणि स्वतःकडे पाहून हसण्याची विलक्षण ताकद होती.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली, मग भाऊ, मग लग्नानंतर दोनच वर्षांच्या आत नवरा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा सोबत असलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. परका देश आणि धर्मांतराची भीती, असे तिचे कारण सांगितले जाते. त्यानंतर थोड्याच दिवसांत रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती इतिहासाच्या पहिल्या पिढीतच ही जखम आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

श्रद्धेने नैराश्य कमी होते, असे संशोधन सांगते का?

थोडे कमी आढळते, हे खरे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १४७ अभ्यास आणि जवळपास ९९ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. धार्मिकता जास्त असलेल्यांत नैराश्याची लक्षणे किंचित कमी दिसली. हा संबंध अगदी सौम्य होता. आयुष्यात ताण जास्त असलेल्यांमध्ये तो थोडा ठळक दिसला.

त्याच आढाव्यातला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा सांगितला जात नाही. लोकांत दिसावे म्हणून धर्म पाळणाऱ्यांत, अडचण टाळण्यासाठी धर्माच्या आड लपणाऱ्यांत आणि देवाला दोष देणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे जास्त होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी हा फरक बरीच वर्षे अभ्यासला. 'देव माझ्यासोबत यातून चालला आहे' असे मानणाऱ्याला श्रद्धा तारते. 'देव मला शिक्षा करतो आहे' असे मानणाऱ्याला तीच श्रद्धा खोल नेते. तेव्हा माणूस किती वेळा चर्चला जातो याच्याइतकेच तिथे त्याला कोणता देव भेटतो, हेही महत्त्वाचे.

श्रद्धेचा साधा, व्यवहारातला फायदाही कमी लेखू नये. रविवारी ठरल्या वेळी उठून, अंघोळ करून, चार माणसांत जाऊन बसणे, एकत्र गाणे, कोणीतरी 'गेल्या रविवारी दिसला नाहीत' असे विचारणे : एकाकीपणावर हे चांगले औषध आहे. टिळकांची भजने आजही मराठी उपासनांमध्ये म्हटली जातात. गाता येत नसेल त्या दिवशी नुसते शेजारी बसले तरी चालते, एवढी मोकळीक मंडळीने द्यायला हवी.

आत्महत्येबाबत चर्चची भूमिका बदलली का?

कॅथलिक चर्चमध्ये ती स्पष्टपणे बदलली आहे, आणि अनेक घरांना ते अजून ठाऊक नाही. १९१७ च्या चर्च कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या कायद्यातून ती तरतूद गेली. १९९२ मध्ये आलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आत्महत्या गंभीर चूक मानली आहे, पण गंभीर मानसिक आजार, तीव्र भीती वा यातना यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होते, हेही तिथेच म्हटले आहे. अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये आणि चर्च तिच्यासाठी प्रार्थना करते, अशी आजची शिकवण आहे. घरातले माणूस असे गेले म्हणून कुटुंबाने मागच्या बाकावर तोंड लपवून बसण्याचे कारण नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये असा एक सर्वांना बांधणारा ग्रंथ नाही. घरगुती प्रार्थना सभांमध्ये तर सगळे त्या त्या पास्टरच्या समजुतीवर चालते. कोणी रुग्णाला थेट डॉक्टरकडे घेऊन जातो. कोणी नैराश्याला दुष्टात्मा ठरवतो, आणि 'चंगाई झाली' असे जाहीर झाल्यावर रुग्ण गोळ्या बंद करतो. नैराश्याचे औषध असे एकाएकी थांबवले की चक्कर, बेचैनी, निद्रानाश होऊ शकतो आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो.

भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा सर्व धर्मांना सारखाच लागू आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने मेले. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई केली.

कर्जतच्या 'श्रद्धा' केंद्राचा याच्याशी काय संबंध?

मानसिक आजार म्हटले की कर्जतमध्ये डॉ. भरत वाटवानी यांचे नाव पुढे येते. मुंबईत मानसोपचाराचा व्यवसाय करणाऱ्या वाटवानी दाम्पत्याला एकदा रस्त्यावर एक तरुण करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आपल्या रुग्णालयात नेले. बरा झाल्यावर तो चांगला शिकलेला निघाला. त्यातून १९८८ मध्ये 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' उभे राहिले. २००६ मध्ये कर्जतजवळ वेणगाव येथे मोठे केंद्र झाले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करायचे, त्यांना गावाचे नाव आठवू लागले की घरी पोहोचवायचे, हे त्यांचे काम. २०१८ मध्ये वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर अशा सात हजारांहून अधिक जणांची घरच्यांशी भेट झाली होती.

ही ख्रिस्ती संस्था नव्हे आणि तिथे येणारे बहुतेक रुग्ण स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजाराचे असतात. तरीही तिचा विषयाशी संबंध आहे, दोन अर्थांनी. भाषा हरवलेला, नाव विसरलेला माणूसही औषधाने घरी जाऊ शकतो, याचा पुरावा या परिसराच्या डोळ्यांसमोर आहे. दुसरा परिणाम मात्र नकोसा. 'मनोरुग्ण म्हणजे केस वाढलेला, रस्त्यावरचा' असे चित्र मनात पक्के बसले की खोपोलीतल्या इमारतीत राहणारी, डबे भरणारी, रविवारी नीटनेटकी चर्चला येणारी बाई म्हणते, 'मी काही वेडी नाही.' आणि डॉक्टरकडे जात नाही. नैराश्य बहुतेक वेळा असेच, नीटनेटके कपडे घालून येते.

श्रद्धास्थान आणि उपचार यांची सांगड जगात इतरत्रही घातली गेली आहे. बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फना हिच्या चर्चमध्ये मनोरुग्णांना आणले जाई. चर्चमध्ये जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. ही रीत शतकानुशतके टिकली, १९३० च्या दशकात तर साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण गावातल्या कुटुंबांत राहत होते. पुढे तिला वैद्यकीय देखरेखीची जोड मिळाली. आपल्याकडे गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालला. दर्ग्याचे मुजावरच भाविकांना आवारातल्या डॉक्टरकडे पाठवू लागले. भाविकाला दर्गा सोडायला कोणी सांगितले नाही, म्हणून तो औषध घेऊ लागला.

फादर किंवा पास्टर यांनी नेमके काय करावे?

आधी ऐकावे, आणि वचन सांगण्याची घाई करू नये. झोप किती, जेवण किती, हे विचारावे. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले, याने माणूस हलका होतो. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातल्या विश्वासू माणसाला सोबत घ्यावे, औषधे-कीटकनाशके हाताशी राहणार नाहीत असे पाहावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कॅथलिक फादरांपुढे एक खास पेच असतो. पापनिवेदनात ऐकलेले त्यांना कोणापुढेही, कोणत्याही कारणासाठी उघड करता येत नाही. पण समोरच्याला 'हेच माझ्याशी बाहेर बसून पुन्हा बोल' असे म्हणता येते, आणि मग त्याच्या परवानगीने मदत उभी करता येते.

गुप्ततेचा भंग आता भलत्याच वाटेने होतो. 'अमुक भगिनीसाठी प्रार्थना करा, त्या डिप्रेशनमध्ये आहेत' असा निरोप प्रार्थना मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर पडतो आणि संध्याकाळपर्यंत नेरळ ते खोपोली सगळ्यांना कळते. हेतू चांगला असला तरी त्या बाईंना विचारल्याशिवाय नाव टाकू नये. छोट्या समाजात लग्नाच्या मुलीचे, नोकरीच्या मुलाचे नुकसान अशा निरोपांनीही होते.

उपचार कुठे आणि कसे मिळतात?

सर्वांत सोपी पायरी म्हणजे केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. नाव सांगायची सक्ती नाही. गरज वाटली तर समुपदेशक पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात.

जवळचा सरकारी दवाखाना म्हणजे कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय. तिथल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरकडूनही सुरुवात करता येते. जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागला आहे, पण कर्जत-खोपोलीहून तिकडे जाण्यापेक्षा लोकलने ठाणे सोयीचे पडते. १९०१ मध्ये सुरू झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्यातच आहे. बाह्यरुग्ण विभागात दाखवायला जाणे म्हणजे भरती होणे नव्हे, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे, कारण 'ठाण्याला नेले' या शब्दांचीच धास्ती असते.

सौम्य नैराश्यात नुसत्या समुपदेशनाने भागू शकते. मध्यम किंवा तीव्र असेल तर औषध लागते. आजच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात पोटात मळमळ, थोडी बेचैनी होते आणि पुष्कळ जण सोडून देतात. बरे वाटल्यावरही सहसा सहा महिने किंवा अधिक काळ त्या चालू ठेवाव्या लागतात. जेनेरिक औषधांचा खर्च रोज काही रुपयांच्या घरात राहतो.

कायदाही आता रुग्णाच्या बाजूला आहे. २०१७ च्या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम त्या रूपात राहिलेले नाही. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे, असेही २०१७ चा कायदा सांगतो. म्हणून पॉलिसी असेल तर विचारणा करावी.

उपवासकाळात येणारा एक प्रश्न राहतो. गोळी चालू असताना उपवास करावा का? राखेच्या बुधवारचा आणि उत्तम शुक्रवारचा उपवास कॅथलिक चर्चने १८ ते ५९ या वयातल्या निरोगी माणसांसाठी ठेवला आहे, आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. नैराश्य हा आजार आहे, तेव्हा ही सूट त्यालाही लागू होते. त्या दिवशी नेहमीसारखे जेवून, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी गोळी घ्यावी.